शहाण्याला शब्दांचा मार, आणि आजाऱ्याला?

बाहेर बडकस चौकाकडून येणारा गाड्यांचा आवाज आहे, तेव्हा मागच्या रांगेतल्या मंडळींना ऐकू येत नसेल तर हात वर करा, आम्ही आवाज वाढवू.

आजचा विषय खरं म्हणजे आमच्या यादीत नव्हता. मागच्या व्याख्यानात कार्यकारणभावाबद्दल बोलता बोलता एका तत्त्वज्ञाच्या मताला आम्ही ‘ठार वेडेपणाची कल्पना’ असं म्हणून गेलो. सभागृहात हशा पिकला. आम्हालाही बरं वाटलं, खोटं कशाला सांगा. व्याख्यान संपल्यावर एक ताई पुढे आल्या आणि हातात चिठ्ठी ठेवून काही न बोलता निघून गेल्या. चिठ्ठीत लिहिलं होतं की सर, तुमचं व्याख्यान ऐकायला मी माझ्या मुलाला घेऊन आले होते. सहा वर्षांपासून त्याचे उपचार सुरू आहेत. तुम्ही तो शब्द वापरला आणि सगळे हसले, तेव्हा तो माझ्याकडे पाहत होता.

बस, एवढंच. तक्रार नाही, राग नाही. पण ती चिठ्ठी आम्ही महिनाभर खिशातून काढली नाही. चाळीस वर्षं तत्त्वज्ञान शिकवलं, शब्द आणि अर्थ यांचा संबंध मुलांना समजावून सांगितला, आणि आपल्याच तोंडचा शब्द कुठे जाऊन लागतो ते कळलं नाही. म्हणून आज त्या शब्दांबद्दलच बोलू.

आपल्या गावातला एक पत्ता

सुरुवात आपल्या नागपूरपासूनच करू. सदरकडून छिंदवाडा रोडने मानकापूरच्या दिशेने निघालात की वाटेत एक चौक लागतो. त्याचं नाव इथे बसलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. ऑटोवाल्याला माहीत आहे, वर्तमानपत्रांत अपघाताच्या बातमीत छापून येतं, लग्नपत्रिकेवर मंगल कार्यालयाचा पत्ता देतानाही लोक लिहितात. पागलखाना चौक. नाव घेताना आपल्याला काही वाटत नाही, कारण तो आपल्यासाठी फक्त एक पत्ता आहे.

आता ज्या संस्थेवरून हे नाव पडलं तिची थोडी माहिती घेऊ. प्रादेशिक मनोरुग्णालय, नागपूर. स्थापना १८६४ ची. नागपूरचं भोसल्यांचं राज्य इंग्रजांनी १८५४ साली खालसा केलं, १८६१ साली मध्य प्रांत तयार झाला आणि नागपूर त्याची राजधानी झाली. त्यानंतर तीनच वर्षांनी ही संस्था उभी राहिली. महाराष्ट्रात आज अशी चार मोठी सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत: नागपूर, येरवडा, ठाणे आणि रत्नागिरी. नागपूरच्या रुग्णालयात ९४० खाटांची मंजुरी आहे. तिथे डॉक्टर आहेत, परिचारिका आहेत, बाह्यरुग्ण विभाग आहे. रोज माणसं बसने, ऑटोने येतात, गोळ्या घेतात आणि घरी स्वयंपाकाला, नाहीतर कामाला परत जातात. म्हणजे दवाखान्यात जे चालतं तेच तिथेही चालतं.

पण गंमत पाहा. पुण्यातला माणूस चिडला की म्हणतो, ‘याला येरवड्याला पाठवा.’ मुंबईवाला म्हणतो, ‘ठाण्याला भरती करा.’ आपण काय म्हणतो ते सांगायला नको. हृदयरोगाच्या दवाखान्यावरून कोणी शिवी तयार केली आहे का? ‘याला डोळ्यांच्या दवाखान्यात पाठवा’ असं म्हटलं तर कोणाला राग येईल का? एका विशिष्ट आजाराच्या दवाखान्याचा नुसता पत्ताच शिवी झाला, हे कसं घडलं, हा आपला आजचा प्रश्न आहे.

शब्दांचे तीन ढीग

तत्त्वज्ञानाच्या माणसाला वर्गीकरणाची सवय असते. आम्ही गेला महिनाभर घरात, भाजीबाजारात, फोनवर, दूरदर्शनवर हे शब्द ऐकत होतो. त्यांचे तीन ढीग होतात.

पहिला ढीग उघड शिव्यांचा. वेडा, येडा, पागल, खुळा, चक्रम, सटकलेला. आपल्या वऱ्हाड-नागपूरकडचा खास शब्द म्हणजे भैताड. त्यात इंग्रजीतून आलेले मेंटल, सायको. आणि मग अवजारांच्या भाषेतले वाक्प्रचार: याचा स्क्रू ढिला आहे, तार सुटली आहे, वरचा मजला रिकामा आहे. म्हणजे माणूस नव्हे, बिघडलेलं यंत्र.

दुसरा ढीग झाकणाऱ्या शब्दांचा. हे शब्द घरात वापरतात आणि आवाज खाली करून वापरतात. ‘त्याच्या डोक्यावर परिणाम झालाय.’ ‘तिला जरा तसं आहे.’ ‘बाहेरचं काही असेल.’ ‘हवापालटाला पाठवलंय.’ यात शिवी नाही, उलट माया असते. पण ज्या गोष्टीचं नावही घ्यायचं नाही ती गोष्ट भयंकरच असली पाहिजे, हे घरातल्या लहान मुलालासुद्धा न सांगता कळतं.

तिसरा ढीग नवा आहे. तो वैद्यकातल्या शब्दांचा. परीक्षेत दोन गुण कमी पडले, ‘मला डिप्रेशन आलं.’ सकाळी ऊन, दुपारी पाऊस, ‘हवामान बायपोलर झालंय.’ टेबल नीट आवरून ठेवणाऱ्या मुलीला ‘ओसीडी आहे तुला.’ यात द्वेष नाही, खरं आहे. पण ज्याला खरोखर नैराश्याचा आजार आहे, जो तीन-तीन आठवडे अंथरुणातून उठू शकत नाही, त्याने उद्या सांगितलं की मला डिप्रेशन आहे, तर समोरचा म्हणणार, ‘अरे, ते तर मलाही झालं होतं मागच्या आठवड्यात.’ त्याच्याकडे आपलं दुःख सांगायला एकच शब्द होता, तोही आपण वापरून झिजवला.

आता कोणी म्हणेल, सर, मराठीत वेड हा शब्द इतका गोड आहे. नाटकाचं वेड, क्रिकेटचं वेड, आई लेकराला लाडाने ‘वेडाबाई’ म्हणते. संतांनीही देवाचं वेड लागलं असं म्हटलं. ते सगळं टाकून द्यायचं का? नाही. ‘वेड पांघरून पेडगावला जाणे’ ही म्हणसुद्धा कोशातून काढायची गरज नाही. शब्द कोणत्या ठिकाणी, कोणाकडे पाहून उच्चारला, यावर त्याचा अर्थ ठरतो. आई मुलीला वेडाबाई म्हणते तेव्हा ती मुलीला जवळ घेत असते. वाड्यातली पोरं एखाद्या माणसामागे ‘वेडा आला रे’ ओरडत धावतात तेव्हा ती त्याला हाकलत असतात. शब्द एकच, पण एकात हात पुढे येतो आणि दुसऱ्यात दगड.

कावळा आणि घर

आता थोडं शास्त्र. घाबरू नका, सोपं आहे.

आपल्या व्याकरणात आणि दर्शनांत एक फार जुनं उदाहरण आहे. पतंजलीच्या महाभाष्यातही त्याची चर्चा येते. कोणी विचारतो, देवदत्ताचं घर कोणतं? दुसरा सांगतो, ते बघ, ज्याच्यावर कावळा बसलाय ते. आता कावळ्यामुळे घर ओळखता आलं, हे खरं. पण कावळा हा घराचा भाग आहे का? भिंत, दार, छप्पर हे घराचे भाग. कावळा आता बसला आहे, मग उडून जाईल. शास्त्रकारांनी यासाठी दोन वेगळे शब्द केले. जे वस्तूच्या स्वरूपात सामील असतं ते विशेषण. जे नुसतं ओळख पटवतं पण स्वरूपात सामील नसतं ते उपलक्षण. कावळा हे घराचं उपलक्षण आहे.

आता हे आपल्या विषयाला लावून बघा. ‘तो वेडा आहे’ या वाक्यात आपण काय केलं? आजाराला विशेषण केलं. कावळ्याला भिंतीत चिणून टाकलं. त्या माणसाला गणित येतं, तो पेटी वाजवतो, त्याला पोहे आवडतात, त्याने आईची सेवा केली, हे सगळं गेलं आणि एकच गोष्ट त्याचं स्वरूप होऊन बसली. ‘त्याला स्किझोफ्रेनिया आहे’ असं म्हटलं तर घर घराच्या ठिकाणी राहतं आणि कावळा कावळ्याच्या. आपण ‘तो मधुमेह आहे’ म्हणत नाही, ‘त्याला मधुमेह आहे’ म्हणतो. मराठीच्या व्याकरणाने ही सोय आधीच करून ठेवली आहे. ‘तो’ आणि ‘त्याला’ एवढाच फरक. एका विभक्तीचा.

महाभाष्यातल्या चर्चेत एक पुढची पायरी आहे, ती आम्हाला फार महत्त्वाची वाटते. कावळा उडाला की काय होतं? ज्याने घर फक्त कावळ्यावरून ओळखलं होतं त्याला आता घरच सापडत नाही. घर तर जागेवर आहे, पण याच्या दृष्टीने हरवलं. बरे झालेल्या माणसांच्या बाबतीत आपण नेमकं हेच करतो. उपचार झाले, माणूस सावरला, कामाला लागला, पण शेजाऱ्यांना तो दिसतच नाही. ते अजून छपरावर कावळा शोधत असतात. रागावला तर म्हणतात, ‘पुन्हा सुरू झालं वाटतं.’ निरोगी माणूस रागावला तर तो राग असतो, याने रागावलं तर ते लक्षण असतं.

इथे एक प्रामाणिक आक्षेप घ्यायला हवा. काही आजार दीर्घकाळ राहतात, काहींना आयुष्यभर गोळ्या घ्याव्या लागतात. तिथे कावळा उडतच नाही, मग? मग तो वर्षानुवर्षं बसलेला असला तरी कावळाच असतो. मुक्काम लांबला म्हणून पक्ष्याची वीट होत नाही.

शब्द नुसते सांगत नाहीत, करतात

ब्रिटिश तत्त्वज्ञ जे. एल. ऑस्टिन यांनी एक साधी गोष्ट दाखवून दिली. आपण शब्दांनी नुसती माहिती देत नाही, शब्दांनी कृती करतो. ‘मी वचन देतो’ असं म्हटलं की वचन दिलं गेलं. तसं ‘हा वेडा आहे’ असं चारचौघांत म्हटलं की काहीतरी केलं जातं. त्या क्षणापासून त्याच्या बोलण्याची किंमत कमी होते. तो म्हणाला मला मारलं, तर लोक म्हणतात भास झाला असेल. तो म्हणाला माझ्या वाट्याचं शेत भावाने बळकावलं, तर लोक हसतात.

दुसरे एक कॅनडाचे तत्त्वज्ञ, इयन हॅकिंग. त्यांचं म्हणणं असं की वस्तूंना नाव देणं आणि माणसांना नाव देणं यात फरक आहे. आपल्या भाषेत सांगायचं तर, संत्र्याला आंबट म्हटल्याने संत्रं लाजत नाही, आणखी आंबटही होत नाही. माणूस मात्र आपल्याला दिलेलं नाव ऐकतो, त्यावर विचार करतो आणि त्याप्रमाणे वागायला लागतो. टाळायला, लपायला लागतो. मग लोक म्हणतात, बघा, म्हटलं नव्हतं? हा तर घराबाहेरच पडत नाही!

आमच्याकडे एक म्हण आहे, शहाण्याला शब्दांचा मार. म्हणजे शहाण्याला शब्द पुरतो, बाकीच्यांना काठी लागते. या म्हणीत गृहीत असं आहे की ज्याचं मन आजारी आहे त्याला शब्द लागत नाहीत. ते चूक आहे, आणि ते किती चूक आहे हे आम्ही आमच्या घरात पाहिलं आहे.

आमचा धाकटा भाऊ. १९७४ साली एम.एस्सी. करत होता तेव्हा त्याचा आजार सुरू झाला. आपण कोणाचं नाव घेत नाही, तेव्हा त्याचंही घेणार नाही. इथेच महालात, वाड्यात राहायचो. औषध लागू पडलं, तो बराच सावरला, मुलांच्या गणिताच्या शिकवण्या घ्यायचा. दर महिन्याला गोळ्या आणायला एकटा जायचा. एका पावसाळ्यात त्याची प्रकृती पुन्हा बिघडली. चौकशी केली तेव्हा कळलं की दोन महिने तो गोळ्या आणायला गेलाच नव्हता. आम्ही थोरले, आम्ही रागावलो. तो बराच वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला, ‘दादा, रिक्षावाल्याला काय सांगू? कुठे जायचं म्हणून?’

मग हळूहळू उलगडलं. इतकी वर्षं तो रिक्षावाल्याला त्या चौकाचं नाव सांगतच नव्हता. सदरला उतरायचा आणि पुढचं अंतर पायी जायचा. त्या वर्षी पावसाने रस्ते तुंबले, पायी जाणं होईना, आणि ते दोन शब्द त्याच्या तोंडून निघेनात. दवाखान्यात त्याला कधी कोणी वाईट वागवलं नाही. औषधही मिळत होतं. मधे आडवा आला तो फक्त एक पत्ता.

आणि दोष रिक्षावाल्याचाही नव्हता. आमच्या बहिणीला बघायला पाहुणे येणार होते तेव्हा आम्हीच त्याला दोन दिवस वर्ध्याला मावशीकडे पाठवलं होतं. तो कुठे आहे असं पाहुण्यांनी विचारलं, तेव्हा आम्ही म्हणालो, अभ्यासाला गेला आहे. हा दुसऱ्या ढिगातला शब्द. त्याने तो ऐकला नाही, पण त्याला कळला. भाऊ जाऊन आता बारा वर्षं झाली.

आता हे आमच्या एका घरापुरतं आहे असं समजू नका. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ साली बारा राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं. त्यात महाराष्ट्र नव्हता, पण आपल्या शेजारची मध्य प्रदेश आणि छत्तीसगड ही राज्यं होती. त्यात आढळलं की प्रौढांपैकी १०.६ टक्के लोकांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक आजार होता. म्हणजे दहात एक. या सभागृहात किती मंडळी बसली आहेत ते मोजा आणि हिशेब करा. वेगवेगळ्या आजारांसाठी उपचारांपर्यंत न पोचलेल्यांचं प्रमाण ७० ते ९२ टक्के निघालं. त्याला कारणं बरीच आहेत: डॉक्टर कमी, अंतर जास्त, पैसा नाही. पण लोक काय म्हणतील ही भीतीही त्यात आहे, आणि लोक म्हणतात ते शब्दांतच म्हणतात.

कायद्याच्या भाषेचा प्रवास

सरकारी भाषा कशी बदलत गेली ते थोडक्यात पाहू. १८५८ साली इंग्रज सरकारने जे कायदे केले त्यांत शब्द होता ‘ल्युनॅटिक’. लॅटिनमध्ये लुना म्हणजे चंद्र. चंद्राच्या कलांनी माणूस भ्रमिष्ट होतो अशी समजूत. आपल्याकडेही ‘अमावस्या-पौर्णिमेला त्याचं वाढतं’ असं म्हणणारे आहेतच. १९१२ साली इंडियन ल्युनसी अॅक्ट आला आणि तो स्वतंत्र भारतातही कितीतरी वर्षं चालला. त्याच्या जागी १९८७ चा मानसिक आरोग्य कायदा आला, तो १९९३ पासून लागू झाला. त्यानंतर २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा, जो २९ मे २०१८ पासून लागू आहे.

या नव्या कायद्याचं कलम ३ प्रत्येकाने वाचावं असं आहे. त्याचा आशय असा की उपचार किंवा या कायद्याखालचं काम सोडून दुसऱ्या कशासाठी कोणीही कोणावर मनोरुग्ण असा शिक्का मारू शकत नाही. एखादा समाजाच्या रूढीप्रमाणे, धर्मसमजुतीप्रमाणे वागत नाही म्हणून त्याला आजारी ठरवता येत नाही. पूर्वी कधी उपचार घेतले एवढ्यावरून आजही आजारी आहे असं म्हणता येत नाही. बघा, कायदाही तेच म्हणतो आहे: काल कावळा बसला होता एवढ्यावरून आज बसला आहे असं समजू नका.

शिवाय २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आहे. त्यात मानसिक आजाराचाही समावेश आहे. दिव्यांग व्यक्तीला हिणवण्याच्या हेतूने चारचौघांत मुद्दाम अपमान करणं हा कलम ९२ प्रमाणे गुन्हा आहे. किमान सहा महिने आणि जास्तीत जास्त पाच वर्षं कैद, आणि दंड. हे आम्ही कोणाला धाक घालायला सांगत नाही. पण ‘गंमत केली’ असं म्हणून सुटता येईलच असं नाही, हे माहीत असावं.

एक गोष्ट इथेच स्पष्ट करू. बौद्धिक अक्षमता आणि मानसिक आजार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २०१७ चा कायदाही त्या वेगळ्या धरतो. आपण मात्र ‘मतिमंद’ आणि ‘वेडा’ हे शब्द एकमेकांच्या जागी फेकतो आणि दोघांवरही अन्याय करतो.

नाव बदललं की काम झालं का?

हा खरा अवघड प्रश्न. पागलखाना गेलं, वेड्यांचं इस्पितळ आलं. तेही गेलं, मनोरुग्णालय आलं. आता ‘मनोरुग्ण’ हा शब्दही पोरं शिवी म्हणून वापरतात. इंग्रजीत ‘असायलम’चा मूळ अर्थ आसरा, किती चांगला शब्द! त्याचं काय झालं ते आपण पाहतोच. म्हणजे मन तेच राहिलं तर नवं नावही दोन पिढ्यांत मळतं. मग शब्द बदलायचा खटाटोप कशाला?

दोन उदाहरणं देतो. पहिलं जपानचं. तिथे स्किझोफ्रेनियासाठी जो शब्द होता त्याचा अर्थ होता ‘मन दुभंगण्याचा रोग’. आपल्या ‘छिन्नमनस्कता’सारखाच. रुग्णांच्या कुटुंबीयांच्या संघटनेने मागणी केली, तिथल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संस्थेने दहा वर्षं विचार केला आणि २००२ साली नाव बदललं. नव्या नावाचा अर्थ साधारण ‘मनाची एकसूत्रता बिघडण्याचा विकार’. आता दुभंगलेली वस्तू जोडणं कठीण, पण बिघडलेलं सूत्र पुन्हा जुळवता येतं. परिणाम काय झाला? पूर्वी डॉक्टर रुग्णाला त्याच्या आजाराचं नाव सांगायलाच कचरत. जेमतेम ३७ टक्के रुग्णांना सांगितलं जाई. तीन वर्षांत हे प्रमाण ७० टक्क्यांच्या आसपास गेलं. म्हणजे नाव बदलल्याने आजार बरा झाला नाही, पण डॉक्टर आणि रुग्ण एकमेकांशी बोलू लागले. ही काही लहान गोष्ट नाही.

दुसरं उदाहरण आपल्या विदर्भाचं. कुष्ठरोगाला आपण महारोग म्हणायचो. त्या माणसाला गावाबाहेर काढायचो. बाबा आमट्यांनी वरोऱ्याला आनंदवन उभं केलं, त्या संस्थेचं नाव महारोगी सेवा समिती. तो जुना, भीतीचा शब्द संस्थेच्या नावात तसाच आहे. पण आज आनंदवन म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? शेती, हातमाग, काम करणारी माणसं. तिथे शब्दाआधी नातं बदललं.

जपानने नावापासून सुरुवात केली, आनंदवनाने कामापासून. दोन्ही रस्ते खरे आहेत, आणि दोन्ही एकमेकांना लागतात. नुसतं नाव बदलून थांबलो तर नाव मळेल. आणि ‘मन चांगलं असलं की झालं, शब्दांचं काय एवढं’ असं म्हणून थांबलो, तर माझा भाऊ सदरलाच उतरत राहील.

मराठीतही माणसं हे काम करत आली आहेत. कॅनडात कॅलगरीला संख्याशास्त्राचे प्राध्यापक असलेले डॉ. जगन्नाथ वाणी यांनी पत्नीच्या आजाराबद्दल न लपवता सांगितलं, आणि स्किझोफ्रेनियाबद्दल जागृती करणारी संस्था पुण्यात उभी राहिली. २००४ चा ‘देवराई’ चित्रपट अनेकांनी पाहिला असेल. ठाण्याचे डॉ. आनंद नाडकर्णी यांच्या एका पुस्तकाचं नावच आहे ‘शहाण्यांचा सायकिअॅट्रिस्ट’. मनोविकारतज्ज्ञाकडे फक्त ‘वेडे’ जातात या समजुतीला त्या नावातच उत्तर आहे.

श्रोत्यांचे दोन प्रश्न

एका तरुण मित्राने विचारलं: सर, मग विनोद करायचाच नाही का? चांगला प्रश्न. सर्वोच्च न्यायालयाने ८ जुलै २०२४ रोजी निपुण मल्होत्रा यांच्या प्रकरणात एका चित्रपटाच्या निमित्ताने यावर विचार केला. न्यायालयाने फरक केला तो असा: एक विनोद अपंगत्वाला हिणवतो, दुसरा त्याबद्दलची समज वाढवतो. मानसिक आजार असलेली माणसं स्वतःवर किती छान विनोद करतात, ते कधी त्यांच्यात बसून ऐका. ते त्यांच्याबरोबर हसणं. त्यांच्यावर हसणं वेगळं.

दुसरा प्रश्न एका निवृत्त पत्रकार बंधूंचा: बातमीत काय लिहावं? आमची एकच विनंती आहे. ‘माथेफिरू’ हा शब्द सोडा. कोणी गाड्या जाळल्या, कोणी चाकू चालवला, की दुसऱ्या दिवशी मथळा येतो, माथेफिरूचा हैदोस. त्याची तपासणी झालेली नसते, निदान झालेलं नसतं. त्याने गुन्हा केला, एवढंच माहीत असतं. पण वाचणाऱ्याच्या मनात गुन्हा आणि मानसिक आजार यांची गाठ पक्की बसते. वस्तुस्थिती अशी की गंभीर मानसिक आजार असलेली माणसं हिंसा करण्यापेक्षा हिंसेला बळी पडण्याची शक्यता जास्त असते. गाड्या जाळणाऱ्याला गाड्या जाळणारा म्हणा. मराठीत त्यासाठी शब्द आहेत.

घरी जाताना

शेवटी चार साध्या गोष्टी. आजाराआधी माणसाचं नाव घ्या. ‘तो’च्या ऐवजी ‘त्याला’ म्हणा. शिवी द्यायचीच असेल तर दुसऱ्याच्या आजाराची उसनी घेऊ नका, मूर्ख, आळशी, लबाड हे शब्द अजून शिल्लक आहेत. आणि घरात कोणाला त्रास होत असेल तर आवाज खाली न करता त्याच्याशी बोला. सरकारची टेलिमानस ही फोनसेवा आहे, क्रमांक १४४१६. मराठीतही बोलता येतं.

आपल्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत निघते. सगळं महाल, सगळी इतवारी रस्त्यावर येते, आणि रोगराई घेऊन जा म्हणून आपण ओरडतो. खोकल्याचं नाव घेतो, तापाचं घेतो, लाजत नाही. मनाच्या आजाराचं नावही तसंच, मोठ्याने आणि न लाजता घेता आलं, की पुष्कळ काम झालं.

आणि त्या चौकाचं. महापालिका पाटीवर काय लिहील ते महापालिका जाणे. परवा आम्ही सदरला ऑटोत बसलो आणि म्हणालो, मनोरुग्णालय चौक. ऑटोवाला म्हणाला, ‘म्हणजे पागलखाना का, काका?’ आम्ही म्हणालो, हो, मनोरुग्णालय. तो जरा वेळ गप्प राहिला. मग उतरवताना स्वतःहून म्हणाला, ‘आलं तुमचं मनोरुग्णालय.’

चिठ्ठी देणाऱ्या ताई आज आल्या आहेत का, आम्हाला दिसत नाही, चष्मा घरी राहिला. आल्या असतील तर मुलाला सांगा, मागच्या वेळचा शब्द आम्ही परत घेतला आहे. तो आला असेल तर व्याख्यान संपल्यावर जरूर भेटावं. कार्यकारणभावाचा तो भाग नीट समजावून सांगायचा राहिलाच आहे.

नमस्कार.